सगळ्यात वर

मेहुणा वाचत होता आणि मी किल्ली घासत होतो. आठवड्यातून एकदा तो लॅपटॉप घेऊन दुकानात येतो, गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलावर बसतो आणि आमच्या जाहिरातीचा पंचनामा करतो. फोनवर कुणी कुलूप, किल्ली, लॅच असलं काही शोधलं की सगळ्यात वर आमच्या दुकानाचं नाव येतं. त्यावर त्या माणसाने क्लिक केलं की आमच्या खिशातून पैसे जातात. नुसतं बघून पुढे गेला तर जात नाहीत. एवढं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाकीचं मेहुण्याला कळतं. कोण काय शब्द लिहून आमच्यापर्यंत पोचलं तेही त्याच्या यंत्रात उमटतं आणि ते मोठ्याने वाचून दाखवायची त्याला भारी हौस. 'गाडीची किल्ली गटारात पडली.' 'तिजोरीचा नंबर विसरलो.' 'बायकोने कुलूप बदलले आता काय.' या शेवटच्यावर तो पोट धरून हसला. मीही हसलो. मग त्याच दमात त्याने वाचलं, 'बाहेरून लावलेली कडी आतून आवाज न करता कशी काढायची', आणि पुढच्यावर गेला. माझा हात थांबला. मशीन फिरत राहिलं आणि किल्लीचा एक दात नको तेवढा घासला गेला.

"परत वाच," मी म्हणालो.

"कुठलं?"

"कडीचं."

त्याने परत वाचलं. "हां, हे रोजचं गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कसलं, फुकट्या! रोज दुपारी येतो, क्लिक करतो, फोन काही करत नाही. असल्या लोकांपायी आपला खिसा रिकामा होतो, दाजी. थांबा, हे शब्दच बाद करून टाकतो. मग तो कितीदा का शोधेना, आपलं नाव त्याला दिसणारच नाही."

"नको."

"अहो, पण नुसते पैसे जातायत."

"नको म्हटलं ना. राहू दे."

त्याने ओठ मुडपले. जाहिरात त्याचीच कल्पना, आणि तिने दुकान वाचवलं होतं हे मला नाकारता येत नव्हतं. समोरचा रस्ता एकेरी झाला तेव्हापासून इकडे कुणी फिरकेनासं झालं होतं. दुकान मोडीत काढायचं असं बायकोशी बोलूनही झालं होतं. मग या पोराने जाहिरात टाकली आणि फोन वाजायला लागला. 'दाजी, माणूस अडला की तो पहिलं नाव बघतो, दुसरं बघत नाही,' असं तो सांगायचा, 'आपण सगळ्यात वर पाहिजे बस.' त्याचं खरं होतं. अडलेल्या माणसांवरच आमचं पोट आहे. पण ती सगळी दाराबाहेरची माणसं. हातात भाजीची पिशवी, घामाघूम, कुणी शेजाऱ्यांवर खेकसतंय, कुणी स्वतःवर. वडील अशा माणसाला आधी विचारायचे, आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे? त्याने सांगायचं, आरसा आहे, चपलांचं कपाट आहे. मग वडील कुलूप उघडायचे, डावीकडे नजर टाकायचे आणि सांगितलेलं तिथे नसेल तर दार पुन्हा ओढून घ्यायचे. घर त्याचंच आहे कशावरून, हा त्यांचा प्रश्न. मीही तसंच करत आलो. इतक्या वर्षांत आतून कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आतल्या माणसाला काय विचारायचं ते वडिलांनी शिकवलं नव्हतं.

मेहुणा गेला आणि ते वाक्य मात्र दुकानातच राहिलं. मी ते मनात उलटसुलट करत बसलो. कडी काढायची हे समजू शकतं. दार अडकतं, लहान मूल खेळता खेळता बाहेरून कडी लावतं, होतं असं कधीकधी. पण अशा वेळी माणूस ओरडतो, दार बडवतो, सगळी बिल्डिंग गोळा करतो. आवाज न करता? म्हणजे आवाज ऐकणारं कुणीतरी जवळपास आहे आणि त्याने ऐकू नये असं वाटतंय. आणि रोज? आणि दुपारीच? मी मेहुण्याकडून लोकांनी शोधलेल्या शब्दांचं ते पान माझ्या फोनवर दिसेल अशी सोय करून घेतली. जेवणाचा डबा उघडायच्या वेळेला बघायचो तर ते आलेलं असायचं. कधी शब्द थोडे बदललेले. 'बाहेरची कडी आतून सरकवणे.' 'दाराच्या फटीतून कडी.' एकदा नुसतंच 'मला बाहेर जायचं आहे कडी'. त्या दिवशी मी डबा तसाच घरी परत नेला. पोलिसात जावं तर सांगणार काय, की साहेब, कुणीतरी माझ्या जाहिरातीवर क्लिक करतंय? मी मेहुण्याला सांगून तेवढ्या शब्दांपुरती वेगळी जाहिरात लिहवून घेतली. 'आवाज न करता उघडून देऊ. काही विचारणार नाही. फक्त फोन करा.' मेहुणा म्हणाला, हे वाचून चोर येतील. चोर आले नाहीत. क्लिक आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, फोन मात्र नाही. मी फोन शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो, छातीवर, म्हणजे वाजला तर चुकायला नको.

घरी जेवताना मी हे बोललो. आम्ही तिघं असतो जेवायला, मी, बायको आणि आई. आईचं सगळं शाबूत आहे. माझ्या शाळेतल्या बाकावरच्या पोराचं आडनाव तिला आठवतं, कोणत्या वर्षी दुकानाचं शटर बदललं ते आठवतं, बायको मीठ विसरली तर पहिल्या घासाला सांगते. फक्त तिच्या दिशा गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोक्यातला तेवढाच एक कोपरा झिजलाय. घराबाहेर पडली की डावं-उजवं, पुढचं-मागचं सगळं एकसारखं होतं तिला. मागे एकदा दोरा आणायला म्हणून गेली आणि हमरस्त्याच्या मधोमध सापडली, दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न देतायत आणि ही दोऱ्याचं रीळ हातात धरून उभी. एका ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून. तेव्हापासून आम्ही दोघं कामावर जाताना तिची खोली बाहेरून लावून घेतो. खोलीला लागून बाथरूम आहे, पंखा आहे, पाण्याची बाटली, डबा, गाणी ऐकायला बायकोचा जुना फोन. खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून ठेवलंय, वरून काही आवाज आला तर लगेच फोन करा. लावून घेतो म्हणजे काळजीच घेतो. तेव्हा मी हे असंच म्हणत होतो आणि कुणी विचारलं असतं तर छातीठोकपणे म्हणालो असतो.

"कुणीतरी कोंडलंय गं कुणाला तरी," मी बायकोला म्हणालो. "भर वस्तीत. रोज."

"तुला काय माहीत? चोर असेल."

"चोर आतून बाहेर यायचं कशाला शोधेल?"

बायको सकाळपासून शाळेच्या ऑफिसात फीच्या रांगेला तोंड देऊन आलेली. ती म्हणाली, "तू लोकांच्या भानगडीत पडू नकोस. नवरा-बायकोचं असेल, सासू-सुनेचं असेल. आपण गेलो की दोघं मिळून आपल्यावर उलटतात."

आई जेवत होती. ती पाणी प्यायली आणि तिने विचारलं, "आणि सापडलं तर काय करशील?"

"काय करणार म्हणजे? दार उघडणार. दुसरं काय?"

"बरं," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. तिचं ते 'बरं' मला तेव्हा शाबासकीसारखं वाटलं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी लोक का बसवून घेतात याचा मी त्या दिवसांत फार विचार केला. अडगळीची खोली असते. कुणी पिठाच्या पिंपाला जपतं. एकाला बायकोच्या भावाला दारूच्या कपाटापासून लांब ठेवायचं होतं. पण आतल्या, राहत्या खोलीला, नवीकोरी, जाड कडी? अशा मी अलीकडे बसवल्या होत्या त्या डोळ्यांसमोर आणल्या. घरं आठवत नाहीत मला, दारं आठवतात. एक हिरवं दार, त्याला रंगाचे इतके थर की स्क्रू आत जाईना. तिथल्या माणसाने काम होईपर्यंत एक शब्द काढला नव्हता आणि त्याची बायको स्वयंपाकघरातून नुसती बघत होती. एक पांढरं, प्लायचं, ठोकलं की पोकळ वाजणारं. तिथली बाई म्हणाली होती, मुलीची परीक्षा आहे. कशाची परीक्षा आहे की तिला कडी लागते, हे मी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. कडी कुठे हवी एवढं विचारायचं, माप घ्यायचं, भोकं पाडायची. आणि मी बसवलेली कडी आतून निघत नाही. हे मी प्रत्येकाला अभिमानाने सांगत आलो होतो. पट्टी घाला, चाकू घाला, काही होणार नाही, बिनघोर राहा. कुणाला बिनघोर राहायला सांगत होतो मी?

हिरव्या दारावर मी दुपारी जाऊन थडकलो. त्या माणसाने दार अर्धंच उघडलं. मी म्हणालो, कडी ढिली झाली असेल, इकडून चाललो होतो, बघून जातो, फुकट. तो म्हणाला, मी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, तरी बघतो ना. आतून धप्प आवाज आला आणि मग दारावर नखं ओरबाडल्याचा. मी त्याला बाजूला सारून आत घुसलो, कसा ते माझं मला कळलं नाही, आणि कडी ओढली. वासराएवढं कुत्रं माझ्या छातीवर आलं. त्याची बायको हसायला लागली, तो मात्र हसला नाही. "तू पोलीस आहेस का रे?" त्याने विचारलं. मी शर्ट झटकला, किल्ल्यांचा जुडगा खाली पडला होता तो उचलला आणि उतरलो. पांढऱ्या दाराकडे गेलो तर ती मुलगीच आली, कानावर पेन अडकवलेली, आणि म्हणाली, कडी ना? ती मांजरीसाठी, ती माझ्या वह्यांवर झोपते. मला बरं वाटायला हवं होतं. पण दोन दारं बाद झाली म्हणजे तिसरं कुठेतरी आहे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

मग मी वर्तुळाच्या नादी लागलो. जाहिरातीच्या यंत्रात एक नकाशा असतो आणि त्यावर एक वर्तुळ. त्याच्या आत असलेल्या माणसालाच आपली जाहिरात दिसते. मेहुण्याने ते जवळजवळ अख्ख्या गावावर पसरून ठेवलं होतं. मी ते अंगठ्याने ओढून लहान करता येतं का बघितलं, तर येत होतं. अर्धं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिक आलं. म्हणजे तो माणूस या अर्ध्यात आहे. मी आणखी लहान केलं. आलं. वर्तुळ बाजारपेठेवर नेलं, नाही आलं. नदीपलीकडे नेलं, नाही आलं. ज्या दिवशी यायचं नाही त्या दिवशी मला वाटायचं, आज त्याने शोधलं असेल आणि आपण दिसलो नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वर आलं असेल. मी लगेच वर्तुळ मागे आणायचो. इकडे दुकानाचा फोन थंडावला. अडलेली माणसं वर्तुळाबाहेर राहिली आणि दुसऱ्या कुलूपवाल्यांकडे गेली. मेहुण्याच्या लक्षात आलं तेव्हा तो हातातला चहा टाकून धावत आला. "दाजी, काय चालवलंय हे? एवढ्याशा गोलात धंदा होतो का? आणखी चार दिवस असं ठेवलंत तर दुकानाला टाळं लागेल, आणि ते उघडायलाही तुम्हालाच बोलवतील!" त्याचा विनोद चांगला होता. मी त्याला म्हणालो, मला नाद सोडवत नाहीये. तो हलकेच म्हणाला, "दाजी, तुम्हाला बरं आहे ना?"

त्या दिवशी मी वर्तुळ सगळ्यात लहान केलं. याहून लहान यंत्र काढू देत नाही. ते कुठे ठेवायचं हे विचारत एक चौकट आली, तिच्यात आधीच साठवलेली दोन ठिकाणं होती, दुकान आणि घर. दुकानाभोवतालचं बघून झालं होतं. मी घर दाबलं, सहज, हाताला लागलं म्हणून. डबा उघडला. पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि फोन बघितला, तर ते तिथे होतं. 'कडी आतून आवाज न करता.' म्हणजे आमच्याच भागात. मी आमची बिल्डिंग डोळ्यांसमोर आणली. एकेक मजला चढायला लागलो. तळमजल्यावर शिंपी, त्याचं दार दिवसभर सताड उघडं. पहिल्यावर ते नवीन जोडपं, दोघं कामावर. दुसऱ्यावर काकू, त्या तर दारातच खुर्ची टाकून बसतात. समोरचं घर रिकामं. तिसऱ्यावर आम्ही. आम्ही म्हणजे काय, आम्हाला सोडून द्यायचं. समोरचे म्हातारे बाबा, त्यांची मुलगी, तिची दोन मुलं, बाहेरून कडी नाही, असती तर मीच बसवली असती. चौथ्यावर गच्ची. मी पुन्हा खाली उतरलो, पुन्हा चढलो. शेजारची बिल्डिंग घेतली, तिच्या मागची घेतली, आणि दर वेळी आमच्या मजल्यावरून जाताना नजर दुसरीकडे वळवत होतो हे मला जाणवलं. मी बसवलेली कडी. नवीकोरी, जाड. तेल घातलेली, कारण बायको म्हणाली होती, सकाळी लावताना करकरते, त्यांना वाईट वाटतं. आवाज ऐकणारं कुणीतरी जवळपास. दुपारी. माझ्या हातातला तुकडा तसाच होता. मी डब्याचं झाकण लावलं, नीट लावलं, कड्या दाबून, आणि शटर ओढलं.

रस्ता मला आठवत नाही. जिन्यात काकू खुर्चीवरच होत्या. "आज लवकर?" त्या म्हणाल्या. "काळजी करू नका हो, काही आवाज नाही आला. अगदी शांत असतात बिचाऱ्या." मी मान हलवली. घराचं दार उघडलं, चपला हातात घेतल्या. आईच्या खोलीचं दार पॅसेजच्या टोकाला. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि ऐकू आलं. खर्र. थांबणं. खर्र. दाराच्या फटीतून पत्र्याची एक पातळ पट्टी बाहेर येत होती, कडीच्या दांड्याला टेकत होती, सटकत होती, पुन्हा येत होती. घाई नव्हती त्यात. रोजचं काम करावं तसं चाललं होतं. मी बघत राहिलो. कुठे जोर लावला तर दांडा हलेल ते तिला बरोबर माहीत होतं, कुलूपवाल्याची बायको ती, तिचा अंदाज चुकत नव्हता. पण तो दांडा हलणार नव्हता, तशी व्यवस्था मीच केली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. दुकानात जावं, डबा खावा, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला यावं आणि काहीच न कळल्यासारखं विचारावं, जेवलीस का. हे सगळं मला अगदी शक्य वाटलं. पट्टी थांबली. आत गेली.

"कोण आहे?" आई आतून म्हणाली.

"मी."

मी कडी काढली. तेल घातलेली, तिने जराही आवाज केला नाही. आई पलंगावर बसलेली होती, हात मांडीवर, पट्टी उशीखाली अर्धी दिसत होती. कॅलेंडरच्या वरच्या बाजूची पट्टी, कडेने घासून घासून पांढरी झालेली.

"दुकान?" तिने विचारलं.

"बंद करून आलो."

"भर दुपारी? गिऱ्हाईक परत जाईल ना."

"आई, फोनवर ते तू शोधत होतीस?"

"तुझ्या मेहुण्यानेच शिकवलं. गाण्याचं नाव बोललं की गाणं लागतं. म्हटलं, बाकीचंही बोलून बघावं."

"मग फोन का नाही केलास? नंबर समोर तर होता."

"तुझा होता."

"म्हणूनच म्हणतोय ना!" माझा आवाज चढला.

"म्हणूनच नाही केला," आई म्हणाली. "तू म्हणाला असतास, आई, जरा पड, संध्याकाळी येतोच मी. दुसरा कुणी मिळतो का बघत होते रे. दरवेळी सगळ्यात वर तूच."

मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसलो. पॅसेजची फरशी थंड होती. मला तिला खूप काही विचारायचं होतं आणि मी विचारलं ते असं, की त्या दिवशी जेवताना मी एवढा बोललो तेव्हा गप्प का राहिलीस. ती म्हणाली, "तू म्हणालास, सापडलं की दार उघडणार. म्हटलं, बघू सापडतंय का." ती उठली, माझ्या खांद्याला हात लावून बाजूला हो अशी खूण केली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या खोलीत पाण्याची भरलेली बाटली होती, तरी तिने तिथल्या नळाखाली पेला धरला आणि खिडकीशी उभं राहून सावकाश पाणी प्यायली.

संध्याकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला तेव्हा बायको कामावरून येऊन चपला काढत होती. तिने कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून. मी सांगितलं. ती ऐकत असताना भिंतीला टेकली. मग म्हणाली, "काढ. पण उद्या त्या रस्त्यावर गाडीखाली आल्या, तर तू काय म्हणशील? तू काही म्हणणार नाहीस. लोक म्हणतील, सुनेने लक्ष दिलं नाही. मी रोज कडी लावून बसस्टॉपपर्यंत रडत जाते, हे तुला माहीत आहे? तू आधी निघतोस. लावायला मीच असते." मला माहीत नव्हतं. हे माझ्याच घरातलं, आणि मी नदीपलीकडे वर्तुळं काढत होतो. ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. ट्रकवाल्याने दरवेळी ब्रेक दाबला पाहिजे असं कुठे आहे? आई पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. सुनेला म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं माझा. पण मला तिथे बसून मरायचं नाही." बायको रडायला लागली, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी स्क्रू काढत राहिलो. घट्ट बसले होते. नंतर बायकोने डोळे पुसले आणि आईच्या फोनमध्ये आमचे नंबर घालून द्यायला बसली. आईने दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा फोन बाजूला ठेवला. "ही नावं मला नाही सापडायची. माझं आपलं बोललेलंच बरं."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं ते धास्तीतच. जाहिरातीचं वर्तुळ पुन्हा मोठं केलं होतं, त्यामुळे फोन वाजत होता आणि प्रत्येक वेळी मी आधी नंबर बघत होतो. कुणाची स्कूटरची किल्ली तुटलेली, कुणाचं कपाट अडकलेलं. मी पत्ते लिहून घेत होतो आणि कानात हॉर्न वाजत होते. दुपार झाली. मी पान उघडून बघितलं. कडीचं काही नव्हतं. इतके दिवस ते आलं की जीव कासावीस व्हायचा, आज आलं नाही म्हणून मी पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. ती घरात असेल. नसेल. खिडकीशी असेल. जिन्यात असेल, काकूंना म्हणत असेल, जाऊन येते. काकूंना फोन करावा? आणि त्या म्हणाल्या, गेल्या की मघाशीच, तर? कडी काढताना मी मोठा शूर झालो होतो. एक मन सांगत होतं, आत्ता जा, चार स्क्रू तर आहेत, भोकंही तीच आहेत. मला लाज वाटली आणि तरी मी खण उघडून ती कडी तिथे आहे का बघितली. ती होती. खण लोटला. समोर एका माणसाला लॉकरची किल्ली हवी होती, तो घड्याळ बघत होता. मी मशीन सुरू केलं, आणि छातीवरचा फोन वाजला. आईचा होता.

"किल्लीवाले का?" तिने विचारलं. आवाजात थट्टा होती आणि थट्टेखाली धाप.

"आई! कुठे आहेस तू?"

"ते कळलं असतं तर फोन कशाला केला असता? बोलले, किल्लीवाला, तर आलास वर."

"समोर काय दिसतंय ते सांग."

"सायकलचं दुकान आहे. एक मोठं झाड आहे, त्याला पार नाही, बाक आहे. मी बाकावर बसलेय. एक बाई कुत्र्याशी भांडतेय."

मला ती जागा कळली. आमच्या घरामागे, दोन गल्ल्या सोडून. हमरस्त्याच्या अलीकडे, जेमतेम अलीकडे. मी मशीन बंद केलं, त्या माणसाला हाताने थांबा म्हणालो आणि शटरची दोरी धरली. "तिथून हलू नकोस," मी ओरडलोच. "जागची उठू नकोस. मी आलोच."

"ओरडू नकोस रे. दुकानात कुणी आहे का?"

"आहे एकजण. त्याचं सोड."

"त्याचं काम करून ये," आई म्हणाली. "मी कुठे जात नाही. ऊन छान आहे. मला अजून बसायचंय."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. अजून बसायचंय. हे तिने मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. हातातली दोरी मी सोडली. "बरं," मी म्हणालो. तिने फोन ठेवला नाही, कदाचित ठेवता आला नसेल. मीही ठेवला नाही. तो मशीनच्या बाजूला उताणा ठेवला आणि किल्ली घासायला घेतली. मधे मशीन थांबवत होतो आणि कान देत होतो. सायकलची घंटी, कुत्रं, त्या बाईचं ओरडणं, दूरवर गाड्या, आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी जवळ, आई काहीतरी गुणगुणत होती.